ताप ते पहिली गोळी : हिवताप नियंत्रण कार्यक्रमाच्या नव्या समन्वयकांसाठी मार्गदर्शक

स्वयंसेवी आरोग्य संस्थेत हिवताप नियंत्रणाचे काम पाहण्यासाठी नव्याने रुजू होणाऱ्या व्यक्तीसमोर मच्छरदाण्यांचे वाटप, फवारणीचे वेळापत्रक, ‘आशा’ या गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, देणगीदारांचे तिमाही अहवाल आणि जिल्हा परिषदेतील बैठका अशी अनेक कामे एकदम येऊन पडतात. त्यांपैकी कशाला किती वेळ द्यायचा हे ठरवण्यासाठी एकच माप हाताशी ठेवावे, असे मला अनेक वर्षांच्या कामानंतर ठामपणे वाटते. गावात एखाद्याला ताप आल्यापासून त्याचे रक्त तपासले जाऊन योग्य औषधाचा पहिला डोस त्याच्या पोटात जाईपर्यंत किती तास लागतात, हे ते माप. आपल्या प्रत्येक कामामुळे एक तर हे तास कमी व्हावेत, नाही तर मुळात हिवताप होणाऱ्यांची संख्या कमी व्हावी. दोन्ही होत नसेल, तर ते काम कार्यक्रमात का ठेवले आहे, हे विचारणे समन्वयकाचे कर्तव्य आहे.

पुढील विवेचन गडचिरोली जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. महाराष्ट्रात हिवतापाचे ओझे सर्वाधिक वाहणाऱ्या जिल्ह्यांत त्याची गणना होते, आणि भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची यांसारख्या तालुक्यांत जंगल, नद्या, विखुरलेले पाडे आणि छत्तीसगड-तेलंगणाच्या सीमा या सर्वांचा परिणाम एकत्र पाहायला मिळतो. इतर डोंगराळ आणि आदिवासी भागांतही यातील बहुतेक गोष्टी थोड्याफार फरकाने लागू पडतील. मुंबईसारख्या शहरात मात्र डास वेगळा, त्याच्या उत्पत्तीच्या जागा वेगळ्या आणि यंत्रणाही वेगळी असल्याने तेथे हा क्रम जसाच्या तसा वापरू नये.

पहिली पायरी : रोग आणि प्रदेश यांचा अभ्यास

समन्वयक डॉक्टर असण्याची गरज नाही, परंतु दोन परजीवींतील फरक त्याला स्वच्छ कळला पाहिजे. प्लास्मोडियम फाल्सिपेरममुळे होणारा हिवताप मेंदू, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे यांवर आघात करू शकतो, आणि लहान मुलाची प्रकृती एका दिवसात गंभीर होऊ शकते. प्लास्मोडियम व्हायवॅक्समुळे मृत्यू तुलनेने कमी होतात, पण हा परजीवी यकृतात सुप्त अवस्थेत राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. म्हणून व्हायवॅक्सच्या रुग्णाला रक्तातील परजीवींसाठी क्लोरोक्वीन तीन दिवस आणि यकृतातील परजीवींसाठी प्रायमाक्वीन चौदा दिवस असा उपचार दिला जातो, तर फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार तीन दिवस आणि सोबत प्रायमाक्वीनचा एकच डोस असतो.

तास मोजण्याचे महत्त्वही या जीवशास्त्रातूनच येते. फाल्सिपेरमचे डासाला संसर्गित करू शकणारे रूप रुग्णाच्या रक्तात ताप सुरू झाल्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांनी दिसू लागते. रुग्णाला पहिल्या-दुसऱ्या दिवशी उपचार मिळाला, तर तो स्वतः वाचतो आणि त्याच्याकडून डासांकडे होणारा प्रसारही बहुतांशी थांबतो. व्हायवॅक्समध्ये हे रूप आजाराच्या सुरुवातीलाच रक्तात येत असल्याने तेथे केवळ वेगावर विसंबून चालत नाही. मच्छरदाणी आणि फवारणी यांची जोड लागते, आणि चौदा दिवसांचा औषधक्रम पुरा करून घ्यावा लागतो.

डासांविषयी इतके लक्षात ठेवावे की मध्य भारताच्या या पट्ट्यात मुख्यतः दोन प्रकारचे अ‍ॅनोफिलीस डास हिवताप पसरवतात. क्युलिसिफेसीस भातखाचरे, खड्डे आणि ओढ्यांतील साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि तो जनावरांना अधिक चावत असला तरी संख्येने मोठा असतो. फ्ल्युविएटिलिस जंगलातील संथ वाहत्या, स्वच्छ झऱ्यांच्या काठाने वाढतो आणि माणसाचे रक्त अधिक पसंत करतो. गटारे आणि घाणीचे ढीग साफ केल्याने या दोन्ही डासांना फारसा फरक पडत नाही, त्यामुळे गावातील स्वच्छता मोहीम इतर कारणांसाठी कितीही चांगली असली, तरी तिला हिवताप नियंत्रणाचे काम म्हणून अहवालात दाखवू नये.

दुसरी पायरी : शासकीय यंत्रणेत आपली जागा

हिवतापाच्या कामात संस्थेने समांतर यंत्रणा उभारणे ही सर्वांत महागडी आणि सर्वांत अल्पजीवी वाट आहे. औषधे, तपासणी किट, कीटकनाशके आणि मच्छरदाण्या राष्ट्रीय कार्यक्रमातून येतात; राज्यात हे काम पुण्यातील सहसंचालक (हिवताप, हत्तीरोग व जलजन्य रोग) यांच्या कार्यालयाकडून आणि जिल्ह्यात जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांकडून चालते. त्याखाली तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आरोग्य पर्यवेक्षक, आरोग्य सहाय्यक, उपकेंद्रातील आरोग्य सेवक व सेविका आणि गावातील आशा अशी साखळी आहे. आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र हे प्रमाण ठरलेले आहे, पण प्रत्यक्षात किती पदे भरलेली आहेत आणि भरलेल्यांपैकी किती जण मुख्यालयी राहतात, ही माहिती तुम्ही स्वतः गोळा केली पाहिजे. संस्थेची खरी जागा बहुधा या रिकाम्या पदांच्या आसपास सापडते.

सामंजस्य करार करताना तो शक्यतो जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या पातळीवर व्हावा, आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. संस्थेच्या कार्यकर्त्याला किट आणि औषधे कोणत्या केंद्रातून, कोणाच्या सहीने मिळतील. त्याने तपासलेला रुग्ण कोणाच्या नोंदवहीत मोजला जाईल. माहिती कोणाच्या परवानगीने बाहेर देता येईल. आणि करार संपल्यावर साहित्य कोणाकडे जाईल. तुमच्या कार्यकर्त्याने तपासलेला रुग्ण शासकीय नोंदीत आलाच नाही, तर तुम्ही रोगाची व्याप्ती लपवता. तोच रुग्ण दोनदा नोंदला गेला, तर ती फुगवता. दोन्हींमुळे पुढच्या वर्षीच्या फवारणीसाठी गावांची निवड चुकते.

आशा कार्यकर्तीला रक्ततपासणीसाठी आणि पूर्ण केलेल्या उपचारासाठी शासनाकडून मोबदला मिळतो. संस्थेचा कार्यकर्ता तेच काम करू लागला की तिचा हक्काचा मोबदला बुडतो आणि गावात विनाकारण तेढ निर्माण होते. म्हणून जेथे आशा काम करते आहे, तेथे संस्थेने तिला किट पोहोचवणे, तिचे दावे वेळेवर भरले जातील हे पाहणे आणि अडलेल्या रुग्णासाठी वाहन मिळवून देणे यांपुरते मर्यादित राहावे. जेथे एका आशेच्या वाट्याला नदीपलीकडचे तीन-चार पाडे आले आहेत, तेथेच स्वतःचा ग्रामस्वयंसेवक नेमावा, आणि तोही त्या पाड्यातलाच असावा.

तिसरी पायरी : पाडानिहाय आराखडा

शासकीय यादी महसुली गावांची असते, हिवताप मात्र पाड्यात असतो. एकाच गावाचा रस्त्यालगतचा टोला वर्षभर निरोगी आणि ओढ्याकाठचा टोला आजारी, असे चित्र नेहमी दिसते. त्यामुळे मागील तीन वर्षांच्या बाधित रुग्णांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्रातून घेऊन ती पाड्यांनुसार मांडावी, आणि प्रत्येक पाड्यासमोर घरे, लोकसंख्या, पाच वर्षांखालील मुले, जवळचे उपकेंद्र, पावसाळ्यात रस्ता कधी आणि कशामुळे तुटतो, मोबाइलला संकेत कोठे मिळतो, आशा कोठे राहते, हे लिहावे. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचे ठिकाणच जिल्ह्यापासून तुटते. आतल्या पाड्यांची स्थिती त्याहून बिकट असते, आणि कोणता नाला कोणत्या महिन्यात अडवतो हे नकाशापेक्षा तेथल्या शिक्षकाला आणि लाइनमनला अधिक नेमके ठाऊक असते.

याच आराखड्यात लोकांच्या हालचालींची दिनदर्शिका जोडावी. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफूल वेचण्यासाठी पहाटे अंधारात जंगलात जाणे, मे महिन्यातील तेंदूपत्ता हंगाम, मिरची तोडणीसाठी तेलंगणात जाणे, भात पिकल्यावर रानडुकरांपासून राखण करण्यासाठी शेतात झोपणे, सीमेपलीकडे बिजापूर, नारायणपूर, कांकेर भागातील नातेवाइकांकडे लग्नकार्याला जाणे, या प्रत्येक प्रसंगी माणूस आपल्या घरापासून, म्हणजे आपल्या मच्छरदाणीपासून आणि आपल्या फवारलेल्या भिंतीपासून दूर असतो. मजुरांची टोळी परतली की आठवड्याभरात त्या सर्वांची तपासणी करावी आणि त्यानंतरचे तीन-चार आठवडे ताप येणाऱ्यावर लक्ष ठेवावे, कारण चावा आणि ताप यांच्यात फाल्सिपेरमच्या बाबतीत साधारण नऊ ते चौदा दिवस जातात आणि व्हायवॅक्सला त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो.

चौथी पायरी : ताप ते पहिली गोळी

या पायरीला इतर सर्व पायऱ्यांपेक्षा अधिक वेळ द्यावा. आपल्या क्षेत्रातील अलीकडच्या काही बाधित रुग्णांच्या घरी जाऊन ताप कधी आला, आधी कोणाकडे गेले, रक्त कोणी व कधी घेतले, निकाल कधी कळला, गोळी कधी मिळाली, हे घरच्यांकडून समजून घ्यावे आणि प्रत्येक टप्प्याला किती तास गेले ते लिहावे. राष्ट्रीय कार्यक्रमाची अपेक्षा चोवीस तासांच्या आत निदान आणि उपचार व्हावा अशी आहे. प्रत्यक्षात वेळ कोठे वाया जातो हे प्रत्येक भागात वेगळे असते. कोठे कुटुंब दोन दिवस वाट पाहते, कोठे आधी पुजाऱ्याकडे जाते, कोठे खासगी उपचारकाकडून सलाईन लावून घेते, कोठे आशा घरी असूनही तिच्याकडील किट संपलेले असतात, आणि कोठे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची रक्ताची काचपट्टी प्रयोगशाळेत पोहोचून निकाल परत येईपर्यंत आठवडा उलटतो. उपाय या टप्प्यानुसार ठरतो. किट संपल्यामुळे उशीर होत असताना जनजागृतीचे पथनाट्य करणे म्हणजे लोकांना हाक मारून बोलावणे आणि दार बंद ठेवणे होय.

जेथे सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा निकाल एका दिवसात मिळत नाही, तेथे जलद निदान किट वापरायचे. दोन्ही परजीवी ओळखणारे किट सध्या वापरात आहे. प्रशिक्षणात प्रत्येक आशा आणि स्वयंसेवकाकडून ही तपासणी तुमच्या समोर पुन्हा पुन्हा करून घ्यावी. पाकीट वापरण्याच्या क्षणीच फोडावे, एका कंपनीच्या किटमधील द्रावण दुसऱ्या कंपनीच्या पट्टीवर टाकू नये, थेंब मोजून टाकावेत, आणि निकाल पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचावा. तासाभराने उमटलेली रेघ धरायची नसते. पट्टी नीट चालल्याचे दाखवणारी नियंत्रण रेघ उमटली नाही तर ती तपासणी रद्द समजून नव्या पट्टीवर पुन्हा करावी. आणखी एक बाब नवख्यांना गोंधळात टाकते: फाल्सिपेरम ओळखणाऱ्या पट्टीला जे प्रथिन दिसते, ते परजीवी मेल्यानंतरही काही आठवडे रक्तात राहते. म्हणून उपचार पूर्ण झालेल्या रुग्णाची त्याच महिन्यात पुन्हा किटने तपासणी करून औषध लागू पडले नाही असा निष्कर्ष काढू नये. तेथे काचपट्टीच घ्यावी. किट नकारात्मक येऊनही ताप थंडी वाजून परत परत येत असेल, तरीही काचपट्टीच घ्यावी.

औषधांच्या बाबतीत संस्थेने स्वतःची पद्धत अजिबात तयार करू नये. राज्याने दिलेले चालू उपचार कोष्टक छापून, त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घेऊन, तेच सर्वत्र वापरावे. संयुक्त उपचाराची पाकिटे वयोगटानुसार वेगवेगळ्या रंगांत येतात. ही सोय उपयुक्त आहे, पण एका वयोगटाचे पाकीट संपले की दुसऱ्या रंगाच्या पाकिटातील गोळ्या अंदाजाने तोडून देण्याचा मोह होतो, आणि तो थांबवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे साठा संपू न देणे. पहिला डोस आशेने आपल्या डोळ्यांसमोर द्यावा आणि रुग्णाला उलटी होत नाही ना, हे पाहण्यासाठी काही वेळ तेथेच थांबावे.

प्रायमाक्वीनविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. गरोदर स्त्रिया आणि एक वर्षाखालील बालके यांना ते देत नाहीत. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या व्यक्तीच्या लाल पेशी या औषधाने फुटू शकतात, आणि ही कमतरता मध्य भारतातील आदिवासी समाजांत आढळते. तपासणीची सोय नसेल तेथे निदान एवढे तरी प्रत्येक घराला सांगावे की लघवी गडद, काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे झाले किंवा दम लागू लागला, तर औषध ताबडतोब थांबवून दवाखान्यात यावे. औषध उपाशीपोटी घेऊ नये हेही सांगावे, कारण पोटात दुखू लागले की पाचव्या-सहाव्या दिवशी लोक ते सोडून देतात. सातव्या आणि चौदाव्या दिवशी घरी जाऊन रिकामे पाकीट पाहणे हे काम लहान दिसते, पण व्हायवॅक्सचा पुढच्या हंगामातील भार त्यावर ठरतो.

सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचाही येथे संबंध येतो. या पट्ट्यात सिकलसेलचे वाहक बरेच आहेत, आणि केवळ वाहक असलेल्यांना गंभीर हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते; परंतु ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेल आजार आहे, त्यांच्यासाठी हिवताप फार धोकादायक ठरतो. अशा व्यक्तींची यादी आशेकडे वेगळी असावी आणि त्यांना ताप येताच त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत नेण्याची व्यवस्था असावी. गरोदर स्त्रियांसाठीही हाच नियम ठेवावा, कारण त्यांचे औषध गर्भारपणाच्या महिन्यानुसार ठरते आणि तो निर्णय गावात घ्यायचा नसतो.

गंभीर आजाराची लक्षणे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवीत: झटके, शुद्ध हरपणे किंवा बरळणे, खाणे-पिणे बंद होणे, सतत उलट्या, श्वास लागणे, खूप फिकटपणा, कावीळ, लघवी फार कमी होणे. यांपैकी एकही दिसले, तर किटचा निकाल येण्याची वाट न पाहता वाहनाला फोन करावा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गंभीर हिवतापावरील आर्टेसुनेटचे इंजेक्शन आहे का आणि ते रात्री देणारे कोणी आहे का, याची खात्री तुम्ही पावसाळ्यापूर्वीच करून ठेवायची आहे. जेथे गाडी जात नाही तेथे खाटेवरून किंवा डोंग्यातून रुग्णाला आणणाऱ्या गावकऱ्यांना त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा मोबदला देण्याची तरतूद अंदाजपत्रकात ठेवावी.

गावातील पुजारी आणि खासगी उपचारक यांना विरोधक मानण्यात काही हशील नाही. पुजाऱ्याने आपला विधी करावा आणि त्याच वेळी रुग्णाला आशेकडे पाठवावे, अशी विनंती बहुतेक ठिकाणी मानली जाते, कारण रुग्ण बरा व्हावा हीच त्याचीही इच्छा असते. खासगी उपचारकाशी बोलताना तपासणीशिवाय हिवतापाचे औषध देऊ नये आणि अर्धवट औषधक्रम देऊ नये, या दोनच गोष्टींवर भर द्यावा. तोंडावाटे घ्यायच्या एकट्या आर्टेमिसिनिन गटातील गोळ्यांवर भारतात बंदी आहे, कारण त्यामुळे परजीवी औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो, हेही त्याला सांगावे.

पाचवी पायरी : साठा

साठ्याचे गणित साधे आहे. मागील वर्षी त्या महिन्यात पाड्यात किती तापाचे रुग्ण तपासले गेले, ती संख्या घ्यावी. तपासणी अपुरी होती असे वाटत असेल तर ती वाढवावी. आणि जो पाडा पावसाळ्यात जितके महिने तुटतो, तितक्या महिन्यांचा साठा अधिक एक महिन्याची राखीव भर असा जूनच्या आधी तेथे पोहोचवावा. मुदत संपत आलेली किट जास्त रुग्ण असलेल्या गावाकडे आधी वळवावीत.

तापमानाकडे फार दुर्लक्ष होते. बहुतेक किट चाळीस अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात, आणि मे महिन्यात या भागातील पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवलेली किट बाहेरून जशीच्या तशी दिसतात, पण आजारी माणसाला निरोगी ठरवू शकतात. कौलारू घराच्या सावलीच्या कोपऱ्यात मातीच्या माठाशेजारी, पण ओल लागणार नाही अशा डब्यात ती ठेवण्याची सवय लावावी.

सहावी पायरी : मच्छरदाण्या आणि फवारणी

दीर्घकाळ टिकणारी कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी सुमारे तीन वर्षे किंवा वीस धुण्यांपर्यंत परिणामकारक राहते, आणि साधारण दोन माणसांमागे एक हे वाटपाचे प्रमाण असते. मात्र वाटप करताना माणसांपेक्षा झोपण्याच्या जागा मोजाव्यात. अंगणातील खाट, शेतातील मचाण आणि पाहुण्यांची जागा या तिन्हींचा विचार झाला नाही, तर मच्छरदाणी घरात टांगलेली असते आणि घरधनी शेतात उघड्यावर झोपतो. वाटपाबरोबर दोरी आणि खिळे द्यावेत, आणि शक्य असेल तर स्वयंसेवकाने घरात जाऊन ती टांगून दाखवावी. नवी मच्छरदाणी वापरण्यापूर्वी एक दिवस सावलीत मोकळी पसरून ठेवावी, सौम्य साबणाने धुवावी, सावलीतच वाळवावी, आणि नदीत किंवा तळ्यात धुऊ नये, कारण तिच्यातील औषध माशांना मारक असते. वाटपानंतर तीन महिन्यांनी रात्री किंवा पहाटे घरमालकाच्या परवानगीने काही घरांना भेट देऊन किती लोक खरोखर तिच्याखाली झोपले आहेत ते पाहावे. दिवसा विचारलेल्या प्रश्नाला लोक तुम्हाला आवडेल असेच उत्तर देतात.

घरांतील फवारणी ही शासनाची जबाबदारी असते, आणि समन्वयकाने तिची वेळ आणि व्याप्ती यांचा पाठपुरावा करावा. पहिली फेरी पावसाळा स्थिरावण्यापूर्वी आणि दुसरी साधारण अडीच महिन्यांनी व्हावी, कारण सध्या वापरात असलेल्या कृत्रिम पायरेथ्रॉइड कीटकनाशकाचा परिणाम भिंतीवर सुमारे दहा आठवडे टिकतो. त्या काळात भिंती शेणा-मातीने सारवल्या किंवा रंगवल्या, तर औषध झाकले जाते, आणि सण जवळ आला की सारवण होणारच. म्हणून फवारणीची तारीख ठरवताना गावातील सण आणि लग्ने विचारून घ्यावीत व सारवण आधी उरकायला सांगावे. पथक येण्याच्या दोन दिवस आधी गावात दवंडी व्हावी, धान्य आणि भांडी झाकावीत किंवा बाहेर काढावीत, आणि स्वयंपाकाची किंवा देवाची खोली फवारायची की नाही, याचा निर्णय घरातील स्त्रीशी बोलून व्हावा. किती घरे फवारली एवढ्यावर समाधान मानू नये. घरात किती खोल्या होत्या आणि त्यांपैकी किती फवारल्या, ही संख्या खरी. पंच्याऐंशी टक्के खोल्यांच्या खाली काम गेले, तर त्या फेरीचा उपयोग फार घटतो.

गप्पी मासे सोडणे आणि डबकी बुजवणे हे उपाय विहिरी, टाकी आणि ठरावीक लहान पाणवठे यांपुरते उपयोगी आहेत. जंगलातील शेकडो ओढ्यांवर त्यांचा इलाज चालत नाही.

सातवी पायरी : ग्रामसभा आणि भाषा

माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या पाड्यात मराठी भित्तिपत्रक लावून काही साधत नाही. चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली आणि सिरोंच्याकडे तेलुगू लागते. प्रशिक्षणातील प्रत्येक सूचना स्थानिक स्वयंसेवकाकडून त्याच्या भाषेत परत सांगून घ्यावी. पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या क्षेत्रातील, ग्रामसभेला स्वतःचे अधिकार आणि निधी असतो, त्यामुळे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नियमित सभांपैकी १ मेच्या सभेत फवारणीचा आणि रुग्णवाहतुकीचा विषय ठेवून घेणे सर्वांत सोयीचे पडते. गावाने आपला ठराव स्वतः केला की फवारणी पथकाला नकार देणारी घरे कमी होतात.

संवेदनशील भागात कार्यकर्त्यांच्या सुरक्षिततेसाठी संस्थेचे नियम लेखी असावेत. अंधार पडल्यावर प्रवास नाही, संस्थेच्या गाडीत कोणत्याही सशस्त्र व्यक्तीला जागा नाही, आरोग्याखेरीज कोणतीही माहिती गोळा करायची नाही आणि कोणाला द्यायची नाही. हे नियम गावालाही माहीत असले पाहिजेत.

आठवी पायरी : नोंदी आणि त्यांचे वाचन

ताप आलेल्या प्रत्येकाची नोंद शासनाच्या ठरलेल्या नमुन्यातच करावी आणि संस्थेची वेगळी वही शक्य तितकी छोटी ठेवावी. आकडे वाचताना तीन प्रमाणे एकत्र पाहावीत. समजा, एका केंद्राची लोकसंख्या वीस हजार आहे, वर्षात दोन हजार जणांचे रक्त तपासले आणि साठ जण बाधित आढळले. वार्षिक रक्ततपासणीचे प्रमाण दहा टक्के झाले, हजार लोकसंख्येमागे वार्षिक बाधित रुग्ण तीन झाले, आणि तपासलेल्यांपैकी बाधितांचे प्रमाण तीन टक्के झाले. पुढच्या वर्षी केवळ एक हजार जणांची तपासणी झाली आणि चाळीस बाधित सापडले, तर हजारी प्रमाण तीनवरून दोनवर आले म्हणून अभिनंदनाचे पत्र येईल; पण तपासलेल्यांतील बाधितांचे प्रमाण तीनवरून चार टक्क्यांवर गेले आहे, म्हणजे रोग कमी झाला नसून शोध कमी झाला आहे. असे पत्र आले तरी खरी स्थिती अहवालात लिहिण्याचे धैर्य समन्वयकाने दाखवले पाहिजे.

रुग्णसंख्या खूप खाली आलेल्या केंद्रांत चीनने वापरलेली पद्धत उपयोगी पडते: एका दिवसात रुग्णाची सूचना, तीन दिवसांत त्याच्या संसर्गाचा शोध आणि सात दिवसांत त्या वस्तीत उपाययोजना. चीनला २०२१ मध्ये हिवतापमुक्त देश म्हणून मान्यता मिळाली. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल, तर मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात २०१७ पासून झालेले काम पाहावे. तेथेही गोंड आदिवासी वस्ती आणि जंगल आहे, आणि संशोधन संस्था, राज्य शासन व खासगी निधी यांनी मिळून प्रत्येक तापाचा शोध, तपासणी, उपचार आणि पाठपुरावा यांवर भर दिला. ओडिशातील ‘दमन’ मोहिमेत आणि बस्तरमधील हिवतापमुक्ती अभियानात दुर्गम वस्त्यांतील ताप नसलेल्या लोकांचीही तपासणी झाली. लक्षणे नसलेले बाधित शोधण्यासाठी अशी सामूहिक तपासणी गडचिरोलीच्या सीमेवरील पाड्यांत पावसाळ्यापूर्वी करण्यासारखी आहे, मात्र परजीवी फार थोडे असतील तर किट त्यांना पकडू शकत नाही, हे लक्षात घेऊनच निकाल मांडावेत.

नववी पायरी : भेटी

तालुका समन्वयकाच्या गावभेटीत भाषण कमी आणि मोजणी जास्त असावी. आशेकडे किती किट आली, किती उरली आणि नोंदवहीत किती तपासण्या आहेत, हे तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. ते जुळले नाहीत तर रागावू नये. बहुतेक वेळा शेजारच्या पाड्याला किट उसनी दिलेली असते किंवा नोंद राहिलेली असते. त्यानंतर नोंदवहीतील दोन बाधित रुग्णांच्या घरी जाऊन औषधाची पाकिटे पाहावीत आणि ताप ते पहिली गोळी हे तास विचारून लिहावेत. महिन्याअखेरीस सर्व तालुक्यांचे हे तास एका तक्त्यात मांडून वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत ठेवावेत.

दहावी पायरी : पैसा

हिवतापाचा जोर पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत असतो, आणि आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. देणगीदाराची मंजुरी जूनमध्ये आणि पहिला हप्ता ऑगस्टमध्ये आला, तर त्या वर्षाचे काम बुडालेच. म्हणून प्रस्तावातच जानेवारी ते मार्च या काळातील खरेदी, प्रशिक्षण आणि वाहतुकीसाठी आगाऊ रक्कम मागावी. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार येणारा सामाजिक दायित्व निधी बहुधा वर्षाच्या अखेरीस घाईने खर्च करायला मिळतो. तो मच्छरदाण्यांसारख्या एकरकमी गोष्टींसाठी योग्य आहे, पण स्वयंसेवकांच्या मानधनासाठी भरवशाचा नाही. परदेशी देणगी असेल, तर परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा वीस टक्के आहे आणि ती देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, हे स्थानिक भागीदार संस्थांना आश्वासन देण्यापूर्वी लक्षात घ्यावे. स्वयंसेवकांचे मानधन दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पोहोचलेच पाहिजे. त्यासाठी दोन महिन्यांच्या मानधनाइतकी रक्कम कायम बाजूला असावी.

अकरावी पायरी : हस्तांतर

भारताने २०२७ पर्यंत देशांतर्गत संसर्गाचे रुग्ण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. रुग्ण कमी झाले की निधीही कमी होतो, आणि याच टप्प्यावर सर्वांत मोठा धोका असतो. १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने १९६५ पर्यंत देशातील वार्षिक रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आणली होती. देखरेख ढिली पडत गेली, डासांमध्ये कीटकनाशकांना आणि परजीवींमध्ये औषधांना प्रतिकार वाढत गेला, आणि १९७६ मध्ये ती चौसष्ट लाखांवर गेली. त्यामुळे प्रकल्प संपण्याच्या किमान एक पावसाळा आधी हस्तांतराची यादी तयार करावी. कोणत्या पाड्यातील तपासणी कोणती आशा पाहील, संस्थेच्या स्वयंसेवकाचे नाव नव्या आशा नियुक्तीसाठी ग्रामसभेने सुचवले आहे का, किटचा पुढचा मागणी अर्ज कोणाच्या सहीने जाईल, सिकलसेलग्रस्तांची यादी कोणाकडे असेल, डोंग्याचे भाडे कोणत्या निधीतून भागेल, याची उत्तरे नावानिशी लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची पोच घ्यावी. त्या शेवटच्या पावसाळ्यात काम यंत्रणेने करायचे आणि संस्थेने केवळ तास मोजायचे. ज्या पाड्यांत ते चोवीसच्या पुढे जातील, तेथून बाहेर पडण्याची तारीख पुढे ढकलण्याची मुभा करारातच आधीपासून ठेवलेली असावी.